दुधाचा रतीब आणि मोबाईलचा रतीब

मराठीत ‘रतीब’ नावाचा एक छान शब्द आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने घरी येणारी वस्तू म्हणजे रतीब. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो, देवपूजेच्या फुलपुडीचा असतो, परगावच्या विद्यार्थ्याने खानावळीचा डबा लावलेला असतो. वर्तमानपत्राचीही हीच तऱ्हा. मराठी वाचक त्याचा ‘वर्गणीदार’ होतो, शेजारचा कन्नड वाचक ‘चंदादार’ होतो. शब्द दोन, व्यवहार एकच. महिनाअखेरीस हिशेब होतो, खाडे वजा होतात आणि नकोच असेल तर सकाळी दारात ‘नाळिंद हालु ब्याड्री’ म्हटले की विषय संपतो. गवळी रागावत नाही, आणि चार महिन्यांनी पुन्हा दूध हवे झाले तर आनंदाने मापही टाकतो.

हा रतीब आता आपल्या मोबाईलमध्ये शिरला आहे. गाणी, सिनेमे, मुलांचा अभ्यास, योगासने, पत्रिका, बोलकी पुस्तके, फोटो साठवायची जागा, जे उघडावे ते ॲप सुरुवातीला फुकट असते आणि थोड्याच दिवसांत ‘दरमहा अमुक रुपये’ असा फलक समोर येतो. काही घरांत असे पाच-सहा रतीब चालू असतात आणि त्यातले निम्मे कुणी लावले हे कुणालाच आठवत नाही.

मी येथील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात असल्याने अभियांत्रिकीची मुले-मुली आपल्या गावाला नवी नाहीत. पूर्वी ओळखीतली मुले माझ्याकडे बँकेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन येत. आता ‘मॅडम, एक ॲप काढायचे आहे, लोक पैसे भरतील का?’ असे विचारत येतात. म्हणजे आपल्या घरात रतीब घेणारेही आहेत आणि उद्या रतीब घालू पाहणारेही आहेत. म्हणून या धंद्याचे आतले गणित दोघांनाही कळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

एकदाच पैसे, की दरमहा?

ॲपलने १० जुलै २००८ रोजी आपले ॲप स्टोअर उघडले तेव्हा तिथे सुमारे ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. २०१२ पासून आपण त्याला गूगल प्ले म्हणतो. त्या काळी पैशाचे ॲप पुस्तकासारखे विकले जाई. एकदा किंमत मोजली की ते आपले.

पण ॲप हे पुस्तकासारखे नसते. पुस्तक छापून झाले की प्रकाशकाचा खर्च थांबतो. ॲपचा खर्च खरे तर प्रकाशनाच्या दिवशी सुरू होतो. फोनची प्रणाली दरवर्षी बदलते, तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. माहिती जिथे साठवायची त्या सर्व्हरचे भाडे दरमहा भरावे लागते. चुका निघतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. गिऱ्हाइकाने पैसे दिले एकदा आणि खर्च मात्र दरमहा, हे गणित कोणत्याच दुकानाला परवडत नाही. नवे गिऱ्हाईक येणे थांबले की असे ॲप बेवारस होते.

त्यामुळे वाट बदलली. २००९ मध्ये ॲपलने ॲपच्या आतच खरेदीची सोय दिली. २०११ मध्ये आपोआप नूतन होणारी वर्गणी आली आणि तिचा पहिला मान वर्तमानपत्रे-मासिकांच्या ॲप्सना मिळाला. २०१६ मध्ये ही सोय सर्व प्रकारच्या ॲप्सना खुली झाली. त्या वेळी ॲपलने दलालीचा जो नियम केला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. वर्गणीदाराच्या पहिल्या वर्षी दलाली ३० टक्के, आणि तोच वर्गणीदार वर्षभर टिकला तर पुढे १५ टक्के. म्हणजे गिऱ्हाईक आणण्यापेक्षा ते टिकवण्याला बक्षीस! गूगलने १ जानेवारी २०२२ पासून वर्गणीवरची दलाली पहिल्या दिवसापासूनच १५ टक्क्यांवर आणली.

आणखी एक उदाहरण आपल्या सर्वांच्या हातातले आहे. २००९ मध्ये स्थापन झालेले व्हॉट्सॲप काही वर्षे ‘पहिले वर्ष मोफत, पुढे वर्षाला एक डॉलरच्या आसपास’ अशा बोलीवर चालत होते. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ही वर्गणी रद्द केली. कारण सांगताना त्यांनी म्हटले, की आमच्या पुष्कळ वापरणाऱ्यांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्डच नाही. तोवर ते फेसबुकच्या मालकीचे झाले होते, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. पण मुद्दा मोलाचा आहे. पैसे देण्याची इच्छा असून भागत नाही, पैसे देण्याची सोपी वाट लागते. आपल्याकडे ती वाट २०१६ मध्ये यूपीआयने आणि जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपेने खुली केली. भाजीवालीला पाच रुपये देणारा माणूस आता त्याच बोटाने वर्गणीही भरू शकतो.

घुबडाची गोष्ट

फुकट वापरणाऱ्याचा वर्गणीदार कसा होतो, हे पाहायला ‘ड्युओलिंगो’ या भाषा शिकवणाऱ्या ॲपची गोष्ट उत्तम. आपण दोन भाषांच्या सीमेवरची माणसे, त्यामुळे ती आपल्याला लवकर उमजेल.

लुईस फॉन आन हे मूळचे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात ते संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. संकेतस्थळावर ‘तुम्ही माणूसच आहात ना?’ हे तपासायला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावतात, ती कल्पना साकारणाऱ्यांपैकी ते एक. इंग्रजी आली तर ग्वाटेमालातल्या माणसाला बरी नोकरी मिळते, पण इंग्रजी शिकायला लागणारे पैसे त्याच्याकडेच नसतात, ही अडचण त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. आपल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ती वेगळी सांगायला नको. आपला विद्यार्थी सेव्हेरिन हॅकर याच्याबरोबर त्यांनी हे ॲप उभे केले आणि २०१२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. हिरवे घुबड ही त्याची खूण.

धडे फुकट, मग कंपनी चालायची कशी? पहिली युक्ती अशी होती, की शिकणाऱ्यांनी सराव म्हणून भाषांतर करायचे आणि ते भाषांतर विकायचे. २०१३ मध्ये सीएनएन आणि बझफीड यांचे काम त्यांनी घेतले. पण भाषांतराच्या धंद्यात शिरले की शिकवणे मागे पडते. ती वाट त्यांनी सोडली. २०१७ मध्ये जाहिराती आणि वर्गणी असा मार्ग धरला. जाहिराती नकोत, चुका झाल्या तरी अडवणूक नको, असे वाटणाऱ्याने पैसे भरावेत. बाकीच्यांना धडे फुकटच. म्हणजे मूळ वस्तूला कुलूप लावले नाही, सोयीला किंमत लावली.

मग लोक किती? कंपनी जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. त्या वेळच्या कागदपत्रांनुसार महिन्याला वापरणाऱ्या सुमारे ४ कोटी लोकांपैकी पैसे भरणारे होते सुमारे १८ लाख, म्हणजे शंभरात पाचच्या आत-बाहेर. २०२४ च्या अखेरीस महिन्याला वापरणारे सुमारे ११ कोटी ६७ लाख झाले आणि वर्गणीदार ९५ लाख, म्हणजे शंभरात आठ. जगातले एक गाजलेले ॲप, आणि त्यातही शंभरातले ब्याण्णव जण फुकटच वापरतात! पण ते ब्याण्णव जण निरुपयोगी नसतात. तेच चार जणांना सांगतात, जाहिराती पाहतात, आणि त्यांच्यातूनच उद्याचा वर्गणीदार निघतो.

त्या आठ जणांना पैसे भरावेसे का वाटले? सवयीमुळे. रोज पाच-दहा मिनिटांचा धडा, आणि सलग किती दिवस शिकलात त्याचा आकडा. ही माळ तुटू नये म्हणून माणूस प्रवासातही फोन उघडतो. पन्नास दिवस शिकलेल्या माणसाला ‘वर्गणी भराल का?’ विचारणे आणि पाच मिनिटांपूर्वी आलेल्याला विचारणे यात फार फरक आहे. मात्र याच सवयीची दुसरी बाजूही पालकांनी पाहावी. माळ तुटेल म्हणून मूल जेवताना फोन धरून बसत असेल, तर ते भाषा शिकत नाही, आकडा सांभाळते आहे. सवय लावणे आणि व्यसन लावणे यांच्यात एक बारीक रेघ असते आणि ती ओळखण्याचे काम घुबडाचे नाही, आपले आहे.

गळक्या घागरीचा हिशेब

आता थोडे गणित करू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एक ॲप १००० जणांनी उतरवून घेतले. बहुतेकांनी एकदा उघडून पाहिले आणि विसरले. महिन्यानंतर १०० जण वापरत राहिले. त्यातल्या शंभरात पाच या हिशेबाने ५ जणांनी दरमहा ९९ रुपये भरले. जमा झाले ४९५ रुपये. १५ टक्के दलाली गेली की उरले साधारण ४२१. त्यातून कर आणि सर्व्हरचे भाडे द्यायचे. ‘आमचे ॲप हजार जणांनी घेतले’ म्हणून पेढे वाटणाऱ्या मुलांना मी हे कोष्टक फळ्यावर लिहून दाखवते. वर्गात शांतता पसरते.

पुढचे गणित त्याहून महत्त्वाचे. एखाद्या ॲपचे १०० वर्गणीदार आहेत आणि दरमहा दहा टक्के सोडून जातात असे धरू. नवा कुणी आला नाही तर वर्षाअखेर उरतील २८. हीच गळती पाच टक्के असेल तर उरतील ५४. गळती निम्मी झाली, तर टिकणारी माणसे जवळजवळ दुप्पट. घागर गळकी असेल तर विहिरीवर कितीही फेऱ्या मारा. आधी भोक बुजवावे, हे कुणीही सांगेल. तरीही नवखे लोक सारा पैसा जाहिरातीत घालतात, कारण आलेली माणसे दिसतात आणि गेलेली दिसत नाहीत.

वार्षिक वर्गणी स्वस्त का ठेवतात, याचेही उत्तर इथेच आहे. महिन्याचा वर्गणीदार वर्षातून बारा वेळा ‘ठेवू की सोडू?’ असा विचार करतो, वार्षिक वर्गणीदार एकदाच. विक्रेत्याला वर्षाचे पैसे आधी मिळतात, गिऱ्हाइकाला सवलत मिळते. दोघांचाही फायदा आहे, पण वर्षाने पुन्हा पैसे कापले जातील हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात असले तरच.

आपल्या मुलांचे ॲप

आता आपल्या गावातले उदाहरण सांगते. नावे मुद्दाम देत नाही. दोन मुले आणि एक मुलगी, एकाच वर्गातली. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी कन्नड, आणि मुलीच्या घरी आई मराठी बोलते, आजी कन्नड. मराठी घरांना बोली कन्नड आणि कन्नड घरांना बोली मराठी शिकवणारे ॲप त्यांनी काढायचे ठरवले.

एकाच लिखाणातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप तयार होते असे ‘फ्लटर’ नावाचे गूगलचे साधन फुकट मिळते, ते त्यांनी घेतले. गूगल प्लेवर नाव नोंदवायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. तेव्हा आधी अँड्रॉइड. पुढे एक अट आली. नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक नावाने खाते उघडणाऱ्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही जणांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावे लागते. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ झाली. मुलांनी घरातलीच बारा माणसे गोळा केली. त्यात आत्या होत्या, शेजारच्या अक्का होत्या, किराणा दुकानदार होते.

ही अट मुलांना कटकट वाटली होती. तिनेच त्यांना शहाणे केले. त्यांचा पहिला धडा होता वर्णमालेचा. आत्याबाई म्हणाल्या, ‘अरे, मला ‘अ आ इ ई’ नको. रिक्षावाल्याला किती होतील ते कसे विचारायचे, ते आधी सांग.’ मग पहिला धडा झाला ‘एष्ट आगतैत्री?’ आत्याबाई दुसऱ्याच दिवशी बाजारात ते वाक्य बोलून आल्या आणि आपणहून तिसऱ्या धड्याला बसल्या. ॲपच्या धंद्यात पहिल्या पाच मिनिटांना फार महत्त्व देतात ते यामुळे. आल्याआल्या काहीतरी उपयोगाचे हाती लागले तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांनी सुरुवातीला घाई केली. दोन धड्यांनंतर कुलूप लावले. लोक फलक पाहत आणि निघून जात. ती तिघे माझ्याकडे आली तेव्हा मी एकच विचारले, ‘पैसे भरणाऱ्याला जास्तीचे नेमके काय मिळते?’ उत्तर आले, ‘उरलेले धडे.’ पण उरलेल्या धड्यांत काय आहे, हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक?

मग त्यांनी मांडणी बदलली. रोजचे बोलणे सगळे मोफत केले. बँक, दवाखाना, तहसीलदार कचेरी, वीज बिलाची तक्रार, मुलांची शाळा, अशा कामाच्या ठिकाणचे संवाद वर्गणीत ठेवले, आणि ते धारवाड-बेळगावकडच्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. पैशाची गोष्ट आठवडाभर वापरून झाल्यावरच काढायची, असे ठरवले. तोवर माणसाला ॲपचा गुण कळलेला असतो आणि आपल्याला पुढे काय हवे हेही कळलेले असते.

एका मुद्द्यावर तिघांत वाद झाला. वर्गणी बंद करण्याचे बटण कुठे ठेवायचे? एकाचे म्हणणे, आत कुठेतरी ठेवू, नाहीतर लोक सोडून जातील. मुलगी म्हणाली, ‘माझ्या आजीला ते सापडले पाहिजे.’ शेवटी ‘सुरू करा’ आणि ‘बंद करा’ एकाच पानावर आले. लोक सोडून गेलेच. पण त्यातले काही परतही आले. बदली होऊन इथे आलेल्या एका बँक कर्मचाऱ्याने दोन महिने वर्गणी भरली, काम झाले म्हणून बंद केली, आणि बिऱ्हाड आल्यावर पत्नीसाठी पुन्हा सुरू केली. जाताना ज्याला त्रास होत नाही, तो परत यायला कचरत नाही.

ती तिघे काही श्रीमंत झालेली नाहीत. दोघे नोकरी सांभाळून हे काम करतात. सर्व्हरचे भाडे सुटते, नवे ध्वनिमुद्रण होते, आणि आपण केलेल्या वस्तूला लोक दरमहा आपणहून पैसे देतात याचे समाधान मिळते. सुरुवात म्हणून मला ते थोडे वाटत नाही.

आत येणे सोपे, बाहेर जाणे अवघड

सगळेच असे वागत नाहीत. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांच्या पासबुकात दर महिन्याला एक ठरावीक रक्कम वजा होत होती. नातवाने कधीतरी ‘सात दिवस मोफत’ म्हणून एक खेळ उतरवला होता, चार दिवसांत कंटाळून काढूनही टाकला होता. ॲप गेले, वर्गणी राहिली. इथे प्रत्येकाने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. गवळ्याला निरोप न देता नुसते दार लावून घेतले तर पिशवी दारात पडतच राहते.

अशा अडकवण्याला आता आपल्या सरकारनेही नाव दिले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. त्यातला एक म्हणजे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, वर्गणीचा सापळा. रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे, आणि मोफत सेवेसाठीही आधी पैसे कापण्याची परवानगी मागणे, हे त्यात येते. ‘फक्त दहा मिनिटे बाकी!’ अशी खोटी घाई करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हेही त्या तेरांत आहे. ‘नको’ या शब्दाऐवजी ‘मला माझ्या मुलाच्या अभ्यासाची पर्वा नाही’ असे बटण कुणी ठेवले, तर तो लाजवण्याचाच प्रकार.

रिझर्व्ह बँकेचा नियमही ग्राहकाच्या बाजूचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. पहिल्यांदा मंजुरी देताना ओटीपीसारखी जादा खातरजमा लागते. मोठ्या रकमेला ती दर वेळी लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. म्हणजे ९९ किंवा २९९ रुपयांची वर्गणी ओटीपी न मागता जाते, पण आदल्या दिवशी संदेश आलेला असतो. तो आपण इतर शंभर संदेशांबरोबर न वाचता पुसून टाकतो, हे वेगळे.

घरातल्यांनी काय पाहावे?

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुधाचा आणि पेपरचा हिशेब करतो, तेव्हाच पंधरा मिनिटे फोनसाठी काढावीत. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडून उजव्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवले की ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ दिसते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर गेले की ‘सबस्क्रिप्शन्स’ मिळते. चालू असलेले त्या दुकानातले सगळे रतीब तिथे एका यादीत दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात. काही ॲप्स थेट यूपीआयवरून पैसे घेतात. त्यांच्यासाठी आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा भाग पाहावा.

मोफत चाचणी घेतली तर शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आयफोनवर चाचणी संपण्याच्या किमान २४ तास आधी ती रद्द करावी लागते, म्हणून एक दिवस आधीची तारीख लिहिलेली बरी. आजी-आजोबांच्या फोनची यादी मुलांनी त्यांच्या शेजारी बसून पाहावी, त्यांच्या हातून फोन काढून घेऊन नव्हे. घरातले चारजण तीच सेवा वेगवेगळी घेत असतील तर कुटुंबाची एकत्र वर्गणी आहे का ते बघावे. आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

पदरचे पैसे कुणाला?

हे सारे वाचून ‘नकोच ती वर्गणी’ असे कुणी म्हणेल. मला तसे म्हणायचे नाही. फुकटाचेही मोल आपण मोजतोच, कधी जाहिरातींच्या रूपाने, कधी आपली माहिती देऊन. आणि आपल्या भाषेत चांगले काही हवे असेल तर ते करणाऱ्याच्या चुलीचाही विचार करायला हवा.

लोक भारतीय भाषांसाठी पैसे देत नाहीत, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. पण स्टोरीटेल ही स्वीडनची बोलक्या पुस्तकांची कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली ती इंग्रजी, हिंदीबरोबर मराठी घेऊन, आणि तेही वर्गणी लावूनच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या बेंगळुरूच्या ‘प्रतिलिपी’वर मराठी कथाही आहेत आणि कन्नड कथाही, तिथे आधी सगळे वाचन मोफत होते, पुढे वर्गणीची सोय आली. वाचक आणि श्रोता आपल्या भाषेसाठी पैसे मोजायला तयार होतो, हे यातून दिसते.

आपल्या सीमाभागाला यात एक जादा संधी आहे. दोन भाषांत जगणारी माणसे कुठे अडतात, हे बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या कार्यालयात बसून कळणार नाही. खडेबाजारात कळते, निपाणीच्या एसटी स्टँडवर कळते, खानापूरच्या दवाखान्यात कळते. आपल्या मुलांनी अशी एक अडचण हेरावी, ती नीट सोडवावी, आधी गुण दाखवावा आणि मग दाम मागावा. दाराला आतून-बाहेरून कडी सारखीच ठेवावी.

आणि आपण घरच्यांनी या रविवारी ती यादी उघडावी. जे कुणी वापरत नाही ते बंद करावे. वाचलेल्या पैशातून एखादी वस्तू अशी निवडावी, की जी आपण रोज फुकट वापरतो, जिच्यावाचून आपले अडेल आणि जी आपल्या भाषेत आहे. तिची वर्गणी भरावी. ती करणारी मुले कदाचित आपल्याच गल्लीत राहत असतील.